गासडीवरचा आकडा

राज्यकर्त्यांना काय हवे होते, ते कायद्याच्या पुस्तकावरून कळते. लोकांनी प्रत्यक्षात काय केले, ते कळायला मात्र घरातले कागद लागतात. इंग्लंडमधल्या लोकरीच्या व्यापाराचा इतिहास वाचताना हे वारंवार जाणवते.

लोकर आणि लोकरी कापड ही त्या देशाची लक्ष्मी, आणि लक्ष्मी म्हटली की पहारा आलाच. १२१५ च्या मॅग्ना कार्टात कापडाचा पन्हासुद्धा ठरवून दिला आहे : काठांच्या आत दोन एल. १५५१-५२ च्या कायद्याने कुठल्या परगण्यातला तागा किती लांब, किती रुंद आणि किती वजनाचा हवा, हे बारकाईने लिहून काढले. कापडात खडू भरून वजन वाढवणे, ते बेसुमार ताणून लांबी वाढवणे हे गुन्हे ठरले. माल मापून त्यावर शिशाची मोहोर लावायला आल्नेजर नावाचा सरकारी अधिकारी होता. कागदावर पाहावे तर या व्यवस्थेत कुठे फट नाही.

आता सेली घराण्याची पत्रे पाहा. सेली हे लंडनचे लोकर-व्यापारी. कॅलेच्या सरकारमान्य पेठेतून ते लोकर विकत. १४८७ साली कॅलेच्या अधिकाऱ्याने प्रत तपासण्यासाठी त्यांच्या मालातली एक गासडी बाजूला काढली. तिचा क्रमांक चोवीस. नेमकी तिच्यातच हलकी, जाडीभरडी लोकर भरलेली होती. घराण्याचा मुनीम विल्यम सेली याने माल बांधणाऱ्याला हाताशी धरले आणि आठ क्रमांकाच्या गासडीतली चांगली लोकर गुपचूप तिच्यात भरवली. गासडीवरचा आकडा तोच राहिला, आतला माल बदलला. हे सारे त्याने मालकाला सरळ कळवले. पत्रात भीती नाही, खंतही नाही. एक काम उरकल्याचा तो अहवाल आहे.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. तारण मालाच्या गोदामात थप्पीतले कुठले पोते उघडायचे, हे ज्याने कधी ठरवले आहे, त्याला हे पत्र परके वाटणार नाही. तपासणीत नियमाइतकेच, नमुना कोण निवडतो आणि निवडल्यानंतर तो कोणाच्या ताब्यात राहतो, हे महत्त्वाचे असते. कापडाच्या मोहोरेचेही पुढे तेच झाले. तिचा महसूल मक्त्याने दिला गेला. मक्तेदाराला फी हवी, कापड बघण्याची त्याला गरज नव्हती. न लावलेल्या सुट्या मोहोरा विकल्याच्या तक्रारी सोळाव्या शतकातच झाल्या होत्या.

मग नियम नुसतेच थोतांड होते का? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. १५५५ च्या कायद्याने शहराबाहेरच्या कापडव्यापाऱ्याला एकाहून अधिक माग ठेवण्याची बंदी केली होती. कापडाची लव उठवणाऱ्या गिग-मिल यंत्रावरही एका जुन्या कायद्याची बंदी होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रे आली, तेव्हा विणकर आणि कापड कातरणारे कारागीर हेच विसरलेले कायदे हातात घेऊन पार्लमेंटच्या दारात उभे राहिले. त्यांच्यापाशी दुसरी ढाल नव्हती. १८०९ साली पार्लमेंटने ते कायदे रद्द केले. ज्या नियमांना सबळांनी शतकानुशतके वाकवले, ते दुर्बळांना गरज पडली तेव्हा जुनाट ठरले. नियम मोडले जातात म्हणून ते काढून टाका, असे कोणी आज म्हणतो, तेव्हा नुकसान कोणाचे होणार, हे आधी विचारावे.

सेलींची ही पत्रे उरली तीही भांडणामुळे. एक भाऊ वारल्यावर देण्याघेण्याचा वाद न्यायालयात गेला, कागद तिथे जमा झाले आणि तिथेच राहिले. आज लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशी सुमारे अडीचशे पत्रे आहेत. आपल्याकडेही जुन्या पेढ्यांच्या रोजकीर्दी आणि मोडीतली पत्रे माळ्यावर पडून असतात आणि घर पाडताना रद्दीत जातात. त्यांत आजोबांची एखादी चोवीस नंबरची गासडी निघेलही. निघाली तर निघू द्यावी. घराण्याची अब्रू तेवढ्याने जात नाही, आणि त्या काळी बाजार कसा चालत होता, हे सांगणारा दुसरा साक्षीदार आपल्याला मिळणार नाही.