मुंगळ्यांची अमानत

गेल्या जूनमध्ये घिवलीतल्या एका विद्यार्थ्याने आम्हाला बरणी आणून दाखवली. आत शेवग्याच्या बुंध्यावरून पकडलेले वीसेक काळे मुंगळे, तळाशी साखर. "सर, मी मुंगळे पाळलेत." तीन निपचित पडले होते.

"यांत राणी कुठंय?" आम्ही विचारले. तो गप्प.

राणीशिवाय नवे कामकरी जन्मत नाहीत. मग ती वसाहत कसली, तो तुरुंगच. पाळायचेच तर पहिल्या पावसानंतर पंख गाळून जमिनीवर फिरणारी राणी शोधावी. परीक्षानळीच्या तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, मग राणी, तोंडाशी पुन्हा कापूस. नळी अंधारात ठेवावी. पहिले कामकरी येईपर्यंत राणी काही खात नाही. अंगातल्या साठ्यावरच पिल्लांना भरवते. नळी सारखी हलवली, तर स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. पुढे साखरपाण्याचा थेंब आणि मेलेला कीटक पुरतो.

कुरआनच्या २७ व्या सूरहचे नाव 'नम्ल', म्हणजे मुंगी. हजरत सुलेमान (अ.) यांच्या फौजेखाली नकळत चिरडू नये, म्हणून त्यातली मुंगी सगळ्यांना घरात शिरायला सांगते. तिचे बोलणे ऐकून ते हसतात आणि शुक्र अदा करण्याची तौफीक मागतात. हदीसमध्ये तर मुंगी मारण्यास मनाई आहे.

संध्याकाळी त्याच शेवग्याखाली बरणी उघडली. जिवंत होते ते बुंध्यावर चढले. तिघांकडे तो बघत राहिला.

"पुढच्या पावसात नळी द्याल?"

"देऊ. पण पाळलेला जीव अमानत असतो. रोज हात लावायचा नाही, कबूल?"

त्याने मान हलवली.