बंडाची कसोटी

१९९९ चा उन्हाळा सातारकर सहसा विसरणार नाहीत. १५ मे रोजी शरद पवार, पूर्णो संगमा आणि तारिक अन्वर यांनी सोनिया गांधींच्या परदेशी जन्माचा प्रश्न पत्र लिहून उपस्थित केला. २० मे रोजी तिघांचीही काँग्रेसमधून हकालपट्टी झाली. २६ मे रोजी कारगिलमध्ये हवाई दलाचे हल्ले सुरू झाले, आणि १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली तेव्हा लढाई ऐन भरात होती.

ज्या जिल्ह्यात 'अपशिंगे मिलिटरी' नावाचे गाव आहे, तिथे युद्ध म्हणजे नुसता वर्तमानपत्राचा मथळा नसतो. "पोरं सीमेवर लढतायत, अन् तुमचं भांडण कसलं?" हा सवाल मी तेव्हा पारावर ऐकला. सवाल मनापासूनचा होता. पण युद्धात जवानांच्या पाठीशी उभे राहणे वेगळे आणि पक्षश्रेष्ठींपुढे मान तुकवणे वेगळे, असे मला तेव्हाही वाटले, आजही वाटते. १९४४ साली महायुद्ध पेटलेले असताना अमेरिकेत टेक्सासमधल्या काही डेमोक्रॅटांनी आपल्याच रूझवेल्टविरुद्ध वेगळी चूल मांडली. मतदारांनी त्यांना साथ दिली नाही. पण त्यांचा उभे राहण्याचा हक्क युद्धाने हिरावला नाही.

आमच्याकडे मात्र बंडाला भरघोस साथ मिळाली. सप्टेंबरच्या मतदानात साताऱ्यातून लक्ष्मणराव पाटील निवडून आले. यशवंतरावांच्या कराडात श्रीनिवास पाटलांनी पृथ्वीराज चव्हाणांना हरवले. शेजारच्या सांगलीने मात्र काँग्रेसच्या प्रकाशबापू पाटलांना कौल दिला. एकाच घरात बाप हाताचा आणि लेक घड्याळाचा, असे मी पाहिले. पण कुणी कुणाला देशद्रोही म्हटले नाही. हे शहाणपण मला मोलाचे वाटते.

पुढचे मात्र खटकते. विधानसभेत काँग्रेसला ७५ आणि राष्ट्रवादीला ५८ जागा मिळाल्या. ऑक्टोबरमध्येच विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात दोघे शेजारी बसले. २००४ साली सोनिया गांधींच्या नेतृत्वाखालील आघाडीच्या सरकारात पवार केंद्रीय कृषिमंत्री झाले. ज्या मुद्द्यासाठी भाऊ भावाशी बोलेनासा झाला, तो मुद्दा सत्तेच्या उंबऱ्यापाशीच राहिला.

म्हणून मला वाटते, बंड युद्धकाळात केले की शांततेत, हा प्रश्नच गौण आहे. निकालानंतर ते कुठे उभे राहते, तीच त्याची कसोटी. पुढाऱ्यांची दिलजमाई मुंबईत आणि दिल्लीत झाली. गावातली दुभंगलेली घरे सांधायला मात्र कुणी आले नाही.