चोखंदळ मूल आणि स्मूदीची शिफारस

‘मूल काहीच खात नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या मातापित्यांना फळ-दुधाची स्मूदी सुचवून मोकळे होण्याची जी पद्धत आपल्या व्यवसायात रूढ होऊ पाहत आहे, तिचा विचार आता गांभीर्याने झाला पाहिजे, असे आम्हांस वाटते. स्मूदी हे अन्न आहे आणि मापात दिले तर चांगले अन्न आहे. गाळलेल्या रसाप्रमाणे तीत फळाचा चोथा वाया जात नाही, आणि पेरूचे क जीवनसत्त्व व दह्यातील प्रथिने मुलाच्या पोटात जातात, हे निःसंशय. परंतु चोखंदळपणावरील इलाज म्हणून तिची शिफारस करण्यास आमची स्पष्ट हरकत आहे.

तंतू पेल्यात शिल्लक राहिले, एवढ्याने फळाचा गुण अबाधित राहत नाही. ब्रिस्टल येथील हेबर, हीटन प्रभृती संशोधकांनी १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा निरोगी व्यक्तींना सफरचंद अखंड, गराच्या रूपात आणि रसाच्या रूपात दिले असता, अखंड फळाइतकी तृप्ती गराने दिली नाही आणि गराइतकी रसाने दिली नाही. ब्रिटनमध्ये वाटलेल्या फळाची शर्कराही मुक्त शर्करेत धरतात, आणि रस व स्मूदी मिळून दिवसाला १५० मिलिलिटरांची मर्यादा सांगतात. चार ते सहा वर्षांच्या मुलाची दैनंदिन गरज सुमारे १,३६० किलोकॅलरी धरली, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या दहा टक्क्यांच्या मर्यादेनुसार मुक्त शर्करा ३४ ग्रॅमच्या आत राहावयास हवी. शंभर ग्रॅम केळे, तितकाच आंबा आणि वर दोन चमचे साखर घातलेला एकच मोठा पेला या हिशेबाने ती मर्यादा गाठतो.

तथापि शर्करेपेक्षाही आम्हांस अधिक चिंता वाटते ती चर्वणाची. नवे अन्न नाकारण्याची वृत्ती दोन ते सहा या वयात प्रबळ असते, आणि ज्या मुलाला भाजीचा तंतू, वरणातला दाणा, फळाची साल यांचा जिभेला होणारा स्पर्शच असह्य वाटतो, त्याच्यापुढून नेमका तोच स्पर्श आपण मिक्सरच्या साहाय्याने नाहीसा करतो. ब्रिस्टल परिसरातील मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात, ज्यांना गुठळ्या असलेले अन्न नऊ महिन्यांनंतर मिळू लागले, ती मुले सातव्या वर्षी फळे व भाज्या कमी खात असल्याचे आढळले. एखादा पदार्थ अंगवळणी पडण्यास तो आठ-दहा, क्वचित पंधरा वेळाही, आग्रहाविना समोर यावा लागतो. केळ्याच्या गोडव्याखाली लपविलेला पालक मुलाने कितीदाही प्यायला, तरी पालकाशी त्याची ओळख होत नाही. आपल्या घरांतील हाताने कुस्करलेले शिकरण या दृष्टीने कितीतरी सरस, कारण त्यात केळ्याचे तुकडे दाताखाली येतात.

शिवाय ‘खात नाही’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा पोटात अगोदरच गेलेले दूध असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या बालकांपैकी ६८.९ टक्के पंडुरोगी आढळली. लोहाच्या शोषणात दुधातील कॅल्शियम अडथळा आणते, आणि पोळी-उसळीची भूक मारणारा आणखी एक दुधाळ पेला अशा बालकाला देणे वैद्यकीय दृष्ट्या समर्थनीय नाही.

म्हणून आमच्या व्यवसायबंधूंना विनंती अशी की, स्मूदीचा सल्ला देण्यापूर्वी मूल दिवसभरात किती दूध पिते याची चौकशी करावी, वाढीचा तक्ता पाहावा आणि गरज दिसल्यास हिमोग्लोबिनची तपासणी करवून घ्यावी. स्मूदी द्यावयाचीच असेल, तर ती साखरेविना, लहान पेल्यातून, जेवणासमवेत द्यावी. बाटलीतून वा सिपरमधून दिवसभर घोट घोट घेऊ देऊ नये, कारण त्याने दात किडतात. आणि त्याच जेवणात त्याच फळाची एक फोड ताटात ठेवण्यास सांगावे, मुलाने ती खाल्ली नाही तरीही.