मीटर खोटे बोलत नाही

भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला दोन पत्रांची धास्ती असते. एक घरमालकाचे आणि दुसरे विजेचे. त्यातही दुसरे पत्र विचित्र. त्यावर नाव घरमालकाचे, पत्ता आमचा आणि पैसे भरायचे तेही आम्हीच!

आमचे बिऱ्हाड पुण्यात शनिवार पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. चार पंखे, एक शीतकपाट, सकाळी अर्धा तास गीझर आणि रात्री माझ्या पेपर तपासण्याचा दिवा, एवढाच आमचा विजेचा प्रपंच. महिन्याला नव्वद युनिटांच्या पलीकडे आम्ही सहसा जात नाही. पावसाळ्याच्या तोंडावर इमारतीतले मीटर बदलले गेले. त्यानंतर दोन महिने 'सरासरी' बिले आली आणि तिसऱ्या महिन्यात प्रत्यक्ष नोंदीचे बिल आले : रुपये ९,४६०!

मी ते तीनदा वाचले. मराठीच्या प्राध्यापकाला आकडा चटकन उमगत नाही म्हणून सौ.कडे दिले. ती म्हणाली, "अहो, तुम्ही रात्री काय कारखाना चालवता की काय?"

घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, "वापरली असेल हो वीज. हल्ली कळत नाही." वीज कचेरीत गेलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी पडद्यावर पाहिले आणि शांतपणे सांगितले, "मीटर खोटं बोलत नाही, साहेब. आणि कनेक्शन तुमच्या नावावर नाही. मालकांचं पत्र आणा."

म्हणजे भरताना ग्राहक मी, भांडताना मात्र परका!

घरी येऊन मी वर्गातल्या हुशार मुलासारखा अभ्यासाला बसलो. २००३ च्या वीज कायद्यातले कलम ५६ वाचले. बिलाचा वाद असेल, तर मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरता येते, आणि वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. कंपनीने ऐकले नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. माझ्या अंगी दहा हत्तींचे बळ आले. मालकांकडून पत्र आणले, सरासरीइतके पैसे भरले, अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतला आणि रविवारी ओळखीच्या वायरमनला बोलावले.

त्याने घरातला मेन स्विच बंद करायला लावला. आम्ही जिन्याखाली मीटरपाशी गेलो. आमच्या नावाच्या मीटरवरचा तांबडा ठिपका खुशाल लुकलुकत होता! मीटरवर लिहिलेले होते, ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. मी घड्याळ लावून मोजले. एका मिनिटात तेवीस. कागदावर गुणाकार-भागाकार केला, तेव्हा निघाले सुमारे ४३० वॉट. आमच्या अंधाऱ्या घराच्या नावाने कोणीतरी वीज खात होते.

"कटआऊट पाडू का?" वायरमन म्हणाला. "ज्याची लाइट जाईल तो आपोआप ओरडत खाली येईल. चोर सापडला!"

तीन महिन्यांचा राग माझ्या डोक्यात होता. "पाड," मी म्हणालो.

"थांबा!" वरून सौ.चा आवाज आला. ती कठड्यावरून वाकून पाहत होती. "समोर काकांचं मशीन चालू असतं."

समोरच्या बिऱ्हाडातले काका पावसाळ्यातच इस्पितळातून घरी आले होते. त्यांना प्राणवायू देणारे यंत्र रात्रंदिवस चालते. त्याची घरघर आम्हालाही भिंतीतून ऐकू येते. सवयीने ती ऐकू येईनाशी झाली होती, इतकेच. वायरमनचा हात कटआऊटवरून खाली आला. माझे पाय मात्र गार पडले.

"काही पाडायला नको," सौ. खाली येत म्हणाली. "आपला मेन चालू करून गीझर लावते. कोणता मीटर धावतो ते बघा."

ती वर गेली. क्षणात शेजारच्या मीटरचा ठिपका सेकंदाला दोनदा उड्या मारू लागला. आमचा मात्र पूर्वीच्याच चालीने लुकलुकत राहिला. मीटर बसवणाऱ्याने दोन घरांच्या तारा एकमेकींत अदलाबदल करून ठेवल्या होत्या. कचेरीतले गृहस्थ खरेच बोलले होते. मीटर खोटे बोलत नव्हता. तो फक्त दुसऱ्याविषयी बोलत होता.

आता अर्ज लिहिणे सोपे होते, पण काकूंना सांगणे अवघड. मागच्याच आठवड्यात त्या सौ.ला म्हणाल्या होत्या, "या महिन्यात बिल जवळजवळ आलंच नाही. देवाला काळजी." तो देव म्हणजे आम्ही होतो, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? मी दोन दिवस टाळले. शेवटी सौ.च गेली आणि मला बरोबर ओढून नेले.

काकूंनी सगळे ऐकून घेतले. थोडा वेळ यंत्राकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तीन महिने यांचा श्वास तुमच्या खात्यावर होता म्हणायचा! सर, अर्ज आजच द्या. आमचं आम्ही भरू. फक्त एकदम नाही जमायचं."

म्हणून अर्ज दोन गेले. एक आमचे बिल दुरुस्त करण्याचा आणि दुसरा काकूंच्या वाढीव रकमेला हप्ते मिळण्याचा. दोन्ही मीच लिहिले, आणि खरे सांगतो, दुसऱ्यावर अधिक मेहनत घेतली. अधिकारी येऊन पाहून गेले, तारा जागच्या जागी आल्या, आमची रक्कम पुढल्या बिलांत वळती झाली आणि काकूंना तीन हप्ते मिळाले.

वाचकहो, मीटर बदलला, तर त्याच दिवशी मेन बंद करून ठिपका पाहा; नंतर गीझर लावून पुन्हा पाहा. पाच मिनिटांचे काम आहे. पण तार कोणाची आहे हे कळल्याखेरीज कोणाचाही कटआऊट पाडू नका.

यंदा आमच्या मजल्यावर दोन्ही दारांच्या मध्ये मिळून एकच आकाशकंदील लागला आहे. त्याची वायर कोणाच्या मीटरवरून गेली आहे, ते मी अजून तपासलेले नाही.