खाणीसाठी चार ट्रॉल्या

प्रेसमड म्हटला की आपण सभासद मंडळी एकच विचारतो, ट्रॉली कधी मिळणार? हजार टन उसामागे तीस-चाळीस टन निघणारा माल, मागणी राहणारच. पण नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९९०च्या दशकात हाच प्रेसमड गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर वापरला. तिथे गवतही धड उगवेना. प्रेसमड घालून, रायझोबियम दिलेली शिसूसारखी झाडे लावली आणि ढिगारा हिरवा झाला. शिसूच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. मात्र गाठींना स्फुरद लागतो, तो प्रेसमडात असतो. (काशीद शेंगेचा खरा, पण त्याला गाठीच येत नाहीत.) ताजा प्रेसमड तापून रोप जाळतो, कुजवलेलाच घालावा, हे सभासदांना सांगायला नको.

आपल्या कार्यक्षेत्रातही मुरूम उपसलेल्या खाणी उघड्या पडल्या आहेत. दर गळिताला थोडा प्रेसमड त्यांच्यासाठी राखावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘आधी आमच्या शेताला द्या’ अशी कुरकुर होईल, आम्हीही ऊसवालेच. पण तो मुरूम गेला कुठं? आपल्याच उसाच्या गाड्या जातात त्या रस्त्यांवर. येत्या वार्षिक सभेत संचालक मंडळाने हा विषय घ्यावा.