शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण ज्या गृहिणीनें प्रथम उच्चारली, तिच्या हंडींतील सारीं शितें एकाच आंचेवर शिजत होतीं. गोदामांतील पोत्यांचें तसें नसतें. ही साधी गोष्ट ध्यानांत न घेतां, परिवर्तित जनुकांच्या, म्हणजे ज्यांस सर्वत्र 'जी. एम.' म्हणतात त्या, पिकांच्या तपासणीविषयीं आपल्याकडे दोन पक्ष मोठ्या आवेशानें भांडत असतात. एक म्हणतो, विज्ञानानें हीं पिकें निर्दोष ठरविलीं आहेत, मग तपासणीची उठाठेव हवी कशाला? दुसरा म्हणतो, प्रयोगशाळेचा अहवाल होकारार्थी आला कीं विष सांपडलें असें समजावें. आमच्या मतें तपासणी म्हणजे काय हें समजून घेण्याचे कष्ट दोघांनींही घेतलेले नाहींत. आणि त्यांच्या कलहाच्या आड सरकारी कारभारांतील एक मोठी विसंगति सुखानें झोंप घेत आहे.

प्रयोगशाळेंत विष शोधीत नाहींत, खूण शोधतात. पिकांत बाहेरचें जनुक घालतांना त्यास चालना देणारा एक तुकडा सोबत जोडावा लागतो. हा तुकडा बहुधा फ्लॉवरच्या भाजीवर पडणाऱ्या मोझेक रोगाच्या विषाणूंतून घेतलेला असतो. पी. सी. आर. नामक पद्धतीनें त्याच्या कोट्यवधि प्रती काढून त्याचें अस्तित्व उघड करतात. पण हाच विषाणू फ्लॉवर, कोबी, मोहरी यांवर निसर्गतःही पडतो. म्हणून पहिल्या होकारावर न थांबतां कोणत्या वाणांतील कोणता जोड हें दाखविणारी दुसरी परीक्षा करावी लागते. जो अर्धवट अहवाल हातांत घेऊन व्यासपीठावर चढतो, त्यानें निदान एवढें तरी विचारून घ्यावें.

नमुन्याची गोष्ट तर याहून नाजूक. शंभरांत एक दाणा परिवर्तित असेल, तर तो हातीं लागण्याची पंचाण्णव टक्के खात्री हवी असल्यास सुमारें ३०० दाणे घ्यावे लागतात. हजारांत एक असेल तर सुमारें ३,०००. तेव्हां एका मुठीच्या अहवालावरून संपूर्ण जहाज शुद्ध ठरविणें हें शास्त्र नव्हे.

भारतांत व्यापारासाठीं जी. एम. भात लावण्याची परवानगी नाहीं. तरीही २०२१ च्या जूनमध्यें फ्रान्सनें इशारा दिला कीं, भारतांतून गेलेल्या सुमारें ५०० टन कण्यांपासून तयार केलेल्या पिठांत परिवर्तित तांदुळाचा अंश आढळला आहे. तें पीठ मिठायांत गेलें होतें. अनेक देशांतून माल परत मागवावा लागला. आमच्या सरकारनें उत्तर दिलें कीं असा भात येथें पिकतच नाहीं, भेसळ युरोपांतच झाली असावी. असेलही. पण शेतापासून बंदरापर्यंतच्या नमुन्यांचे अहवाल पुढें ठेवून हें उत्तर दिलें असतें, तर त्यास वजन आलें असतें. कायद्यानें मना आहे म्हणून वस्तु अस्तित्वांतच नाहीं, हा युक्तिवाद जेथें दारूबंदी आहे तेथील फौजदारासही सुचावयाचा नाहीं!

आतां घरच्या तव्याकडे वळूं. २००२ सालीं बी. टी. कापसास परवानगी मिळाली आणि आज देशांतील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस त्याच जातीचा आहे. कापूस अंगावर घालावयाचा, खावयाचा नव्हे, असें म्हणून हा प्रश्न वस्त्राच्या खात्यांत टाकण्यांत येतो. परंतु रुई काढल्यावर सरकी उरते; सरकी घाण्यावर जाते; तेल फरसाणाच्या कढईंत आणि पेंड म्हशीच्या दावणींत जाते. विदर्भ-खानदेशांतील कोणत्याही शेतकऱ्यास हें सांगावें लागत नाहीं. २०१८ मध्यें दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनें अन्नाचे ६५ नमुने तपासले, तेव्हां सुमारें एकतृतीयांशांत परिवर्तित अंश मिळाला. त्यांत परदेशी मालच अधिक होता. पण देशांत तयार झालेले जे नमुने होकारार्थी निघाले, ते सारे सरकीच्या तेलाचे होते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचें २२ वें कलम नियमांनीं मोकळीक दिल्यावांचून असें अन्न विकूं नये म्हणतें. २०१३ पासून वेष्टनावर 'जी. एम.' हीं अक्षरें छापण्याचाही नियम झाला. वाचकांनीं आपल्या स्वयंपाकघरांतील डबा फिरवून हीं अक्षरें शोधावींत.

या तेलानें कोणास बाधा झाली असें आमचें म्हणणें नाहीं; तसा पुरावा आमच्यापाशीं नाहीं आणि पुराव्यावांचून भय पसरविणें आम्हांस निंद्य वाटतें. आमचा आक्षेप निराळा आहे. २०२० च्या ऑगस्टमध्यें सरकारनें फर्माविलें कीं सफरचंद, बटाटा, पपई, तांदूळ आदि २४ पिकांचा परदेशी माल जी. एम. नसल्याच्या दाखल्यासह यावा. त्यानंतर वर्षभरांतच कोंबड्यांच्या खाद्यासाठीं १२ लाख टन परिवर्तित सोयाबीनची पेंड आणण्यास मोकळीक मिळाली. कारण काय, तर पेंडींत सजीव कांहीं नसतें! तेलांतही नसतें, पिठांतही नसतें. मग दाखला कशासाठीं मागावयाचा?

आणि दंड कोणाच्या पाठीवर? १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अकोली जहागीर येथें शेतकरी संघटनेच्या लोकांनीं तणनाशक सोसणारा, परवानगी नसलेला कापूस उघडपणें पेरला. त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. त्या वेळच्या कायद्यांत पांच वर्षें कैद व एक लाख दंड होता. त्यांचा मार्ग आम्हांस मान्य नाहीं. परंतु शेतांत पान चुरगाळून कागदी पट्टीवर पांच-दहा मिनिटांत होणारी परीक्षा ज्यास लागू पडते, तो शेतकरी सांपडतो. बी विकणारा क्वचित् सांपडतो, आणि तेलाच्या गिरणीच्या दाराशीं तर कोणी पट्टी घेऊन जातच नाहीं.

यावर विद्वान उत्तर देतात कीं शुद्ध केलेल्या तेलांत डी. एन. ए. जवळजवळ राहत नाहीं, मग तपासणार काय? अडचण खरी आहे. युरोपानें तिच्यावर तोड काढली: २००३ च्या त्यांच्या कायद्याप्रमाणें तेलांत अंश सांपडो वा न सांपडो, बियाण्यापासून बाटलीपर्यंतची कागदपत्रें ठेवावीं लागतात आणि त्यांवरून चिठ्ठी लागते. तेथेंही परिवर्तित खाद्यावर वाढलेल्या जनावरांच्या दुधामांसावर चिठ्ठी लागत नाहीं, म्हणजे तेही कांहीं अगदीं धुतल्या तांदुळासारखे नाहींत. पण प्रयोगशाळा एकटी पुरत नाहीं, तिच्यामागें हिशेबाची वही लागते, एवढें तरी त्यांनीं ओळखलें. आमच्याकडे सरकीचा व्यापार जिनिंगपासून गिरणीपर्यंत वजनकाट्यावर आणि पावतीवरच चालतो. त्या पावतीवर आणखी एक रकाना वाढविण्यास किती शाई लागेल?

२३ जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचें जी. एम. मोहरीविषयीं एकमत झालें नाहीं. परंतु केंद्रानें याबाबत राष्ट्रीय धोरण ठरवावें, यावर दोघांचें एकमत झालें. तें धोरण लिहिणारांनीं मोहरीच्या शेतांत उतरण्यापूर्वीं अकोल्याच्या किंवा जळगांवच्या एखाद्या सरकीच्या गिरणींत जावें, तेथील तीन महिन्यांच्या पावत्या पाहाव्या, आणि त्या तेलाच्या डब्यावर काय छापावयाचें तें आधीं आम्हांस सांगावें.