उडी कोणाची?

गेल्या भाऊबीजेच्या रात्री आमच्या घरी भांडण झाले. ओवाळणे झाले, जेवणे झाली, आणि बहिणीच्या मुलाच्या आग्रहावरून व्हिडिओ गेमवर बेतलेला एक चित्रपट आम्ही सर्वांनी मिळून पाहिला. तो संपताच भाचा ताडकन् उठला. "सत्यानाश केला, मामा! गेममध्ये ह्यातले काही म्हणजे काही नाही. मुळाशी इमान राखायला ह्यांचे काय बिघडले होते?" त्यावर त्याचे तीर्थरूप, म्हणजे आमचे मेहुणे, चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "इमान राखायला त्या खेळात असते काय? बटणे दाबायची आणि माणसे लोळवायची. ज्यात कथाच नाही त्याचा चित्रपट कसा होणार?"

असले चित्रपट निघू लागले तेव्हापासून जगभर हेच दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडत आले आहेत. मला दोन्ही चूक वाटतात. त्या रात्री चकल्यांच्या भरात मला धड बोलता आले नाही. ते आता बोलतो.

मेहुण्यांचे आधी उरकू. बुद्धिबळात तरी कथा कुठे आहे? पण प्रेमचंदांच्या गोष्टीवरून सत्यजित राय यांनी १९७७ साली 'शतरंज के खिलाडी' काढलाच ना! बाहेर अवधचे राज्य बुडते आहे आणि आत दोन सरदार प्याद्यांच्या चिंतेत बुडाले आहेत. राय यांनी पटावरच्या उंटाला आणि घोड्याला पोशाख चढवून नाचवले नाही. पटापाशी बसलेला माणूस पाहिला. खेळात कथा नसली तरी खेळणाऱ्याचे काहीतरी होत असते, आणि चित्रपटाला तेवढे पुरते.

आता भाच्याचा पक्ष. हा अवघड, कारण तो प्रेमापोटी बोलतो.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चे उदाहरण घेऊ. नव्वदीच्या दशकात ज्यांच्या कचेरीत पहिला संगणक आला त्यांतल्या पुष्कळांना हा राजपुत्र ठाऊक असेल. साहेब जेवायला गेले की तो तळघरातून धावू लागे. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने हा खेळ १९८९ साली पुरा केला. राजपुत्राची चाल खरी वाटावी म्हणून त्याने धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यातली एकेक चौकट पाहून ती हालचाल संगणकात उतरवली. गंमत पाहा, हाडामांसाचा नट त्या खेळात आधीच शिरलेला होता! कथा म्हणाल तर दीड ओळीची: दुष्ट वजिराच्या कैदेतली राजकन्या साठ मिनिटांत सोडवायची. पण फरशी पायाखालून निसटे, जमिनीतून सुळे वर येत, आणि कड्यावर अर्धे पाऊल चुकले की राजपुत्र सुळ्यांवर. मग पुन्हा त्या मजल्याच्या आरंभापासून. घड्याळ मात्र पुढेच पळत असे. ती उडी घेताना खुर्चीत बसलेल्या कारकुनाच्या पोटात खराखुरा गोळा येई.

२००३ साली ह्याच राजपुत्राचा 'द सँड्स ऑफ टाइम' हा नवा खेळ निघाला. त्यात काळ मागे फिरवणारा एक खंजीर आहे. उडी चुकली की बटण दाबावे, राजपुत्र उलटा वर येतो. खंजिरातली वाळू मात्र मोजकी. ती संपल्यावर तो पडून मेलाच, तर गोष्ट सांगणारा राजपुत्र स्वतःच मध्ये बोलतो, की छे, हे असे झाले नव्हते, मी सांगायला चुकलो. खेळणाऱ्याची चूक ही कथेकऱ्याची चूक होऊन बसते! कादंबरीकारांनी हेवा करावा अशी ही युक्ती आहे.

आणि २०१० साली डिस्नेने काय केले? मोरोक्कोच्या उन्हात जेक जिलेनहालला पळवले. खंजीर होता, वाळू होती, छपरांवरून आणि भिंतींवरून धावणे होते. इमानात उणे काय होते? पण खेळात जो खंजीर माझी चूक पुसत होता, तो चित्रपटात पळवापळवीची वस्तू झाला. आज ह्याच्या कमरेला, उद्या त्याच्या. काळ मागे फिरतो तो पटकथेच्या सोयीने, आणि शेवटी तर जवळजवळ सगळीच हकीकत पुसून टाकतात. ज्याने चूक केलीच नाही त्याला ती पुसल्याचे समाधान कोठून यावे? जगभरात तेहेतीस कोटी डॉलरांहून जास्त गल्ला जमला. गेमवरच्या चित्रपटांत तो विक्रम २०१६ साली 'वॉरक्राफ्ट' येईपर्यंत टिकला. पण दुसरा भाग काही कोणी काढला नाही.

ह्याहून हास्यास्पद प्रकार १९९३ सालचा, बॉब हॉस्किन्सने मारिओ केला तो. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा व्हिडिओ गेमवरून निघालेला पहिला मोठा चित्रपट. १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये ह्या गड्याला नाव होते जंपमॅन, म्हणजे उडीवाला. उडी हीच त्याची जात. चित्रपटात त्याला उंच उडायला यांत्रिक बूट चढवावे लागतात! हनुमंताला शिडी देण्यातला हा प्रकार. भाचा म्हणेल, ही तर उघड बेइमानी. खरे आहे, पण ती बेइमानी उडीशी झाली, आणि त्याचा राग असतो टोपीवर आणि मिशांवर.

मिशांना अगदीच महत्त्व नाही असे नाही. २०१९ साली 'सॉनिक'च्या जाहिरातपटात त्या निळ्या साळूला माणसासारखे दात दिसले, जगभर आरडाओरडा झाला, आणि निर्मात्यांनी प्रदर्शन पुढे ढकलून त्याचा चेहरा नव्याने काढला. २०२० साली चित्रपट आला तो चालला. शाब्बास! पण त्या विजयाने रसिकांचा समज झाला की चेहरा दुरुस्त झाला की चित्रपट दुरुस्त होतो.

आता त्यांच्याच लाडक्या खेळाकडे येतो. 'द लास्ट ऑफ अस' हा खेळ २०१३ चा, त्यावरची दूरचित्रवाणी मालिका २०२३ ची. बिल आणि फ्रँक हे दोन सोबती खेळात आहेत. पण फ्रँक आपल्याला भेटतो तो गळफास घेतलेला, मागे एक कडवट चिठ्ठी ठेवून. मालिकेने तिसऱ्या भागात ही चिठ्ठी फाडून टाकली आणि त्या दोघांचा अनेक वर्षांचा संसार दाखवला. बाग, पियानो, स्ट्रॉबेरी, म्हातारपण. मूळ खेळाशी इतकी फारकत घेतलेला भाग त्या वर्षात दुसरा नाही. आणि भाच्याचे डोळे ज्या भागात भरून आले तो नेमका हाच. बिलचे काम करणाऱ्या निक ऑफरमनला त्यासाठी एमी पारितोषिकही मिळाले.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ह्याच खेळाच्या शेवटी जोएल रुग्णालयात शिरतो. एलीच्या मेंदूतून साथीवरचा इलाज निघेल, पण ती मुलगी मरेल. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर चाकू उगारून उभा आहे. त्याला मारल्यावाचून खेळ पुढे सरकत नाही. ह्या ठिकाणी मी भाच्याच्या शेजारी बसलो होतो. त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. मिनिटभर तो नुसता पडद्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. "मामा, दुसरा रस्ताच नाही," असे म्हणाला आणि बटण दाबले. मालिकेत हाच प्रसंग खिन्न संगीतावर, गोळ्यांचे आवाज दबवून दाखवला आहे. उत्तम दाखवला आहे. पण तेथे खून जोएलने केला. आमच्या दिवाणखान्यात तो भाच्याने केला होता.

दुसऱ्या खेळात तर जोएलला ठार मारणाऱ्या ॲबीच्याच कातडीत खेळणाऱ्याला पुढे तासन्तास वावरावे लागते. ती असे का वागली हे कळते ते पुष्कळ उशिरा. २०२५ च्या मालिकेने तिचे कारण आरंभीच सांगून टाकले. त्यांना मी दोष देत नाही. प्रेक्षकाचे हात शत्रूला बांधता येत नाहीत, तेव्हा निदान कान तरी द्यावे, हा त्यांचा हिशेब प्रामाणिक होता. ज्याला आपण काय गमावतो आहोत हे ठाऊक असते तोच असा हिशेब करतो.

"पण पैसा?" असे निर्माते विचारतील. २०२५ साली 'माइनक्राफ्ट'ने नव्वद कोटी डॉलरांवर गल्ला केलाच की! केला. आणि त्यात कोंबडीवर स्वार झालेले पोर अवतरताच अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत मुले किंचाळत उठली, लाह्या उधळल्या. काही चित्रपटगृहांना ताकीद द्यावी लागली. लोक म्हणाले, पिढी बिघडली. मला तसे वाटत नाही. हवी ती वस्तू आपल्या हाताने रचण्याच्या खेळावर वाढलेली ती पोरे. त्यांना पावणेदोन तास हात बांधून बसवले होते. हाताला लागले ते त्यांनी फेकले.

आता 'झेल्डा'ची पाळी आहे. हाडामांसाच्या नटांना घेऊन तो चित्रपट काढण्याचे निंटेंडोने २०२३ साली जाहीर केले. त्यातला नायक लिंक १९८६ पासून आपल्या खेळांत जवळजवळ मुकाच राहिला आहे; त्याच्या वतीने जे काही बोलायचे ते खेळणारे पोर मनात बोलते. भाचा त्याच्या हिरव्या अंगरख्याची आणि टोपीची काळजी करीत बसला आहे. मी वाट पाहतो आहे ती त्याच्या तोंडच्या पहिल्या वाक्याची.